आबिंग्डनची गाडी व हिरोशिमाचें एंजिन

विलायतेची यात्रा करून आलेल्या गृहस्थानें लंडनचा मनोरा, ऑक्सफर्डचीं विद्यालयें व स्कॉटलंडचीं सरोवरें यांचें वर्णन करावें अशी वाचकांची अपेक्षा असते, व ती रास्तहि आहे. परंतु ह्या स्थळांचीं वर्णनें आतां इतकीं झालीं आहेत, आणि आमचे पुष्कळसे वाचक स्वतःच मुलालेकींच्या निमित्तानें तिकडे जाऊन येऊं लागले आहेत, कीं त्यांत आम्हीं नवी भर ती काय घालावी? सन २०१९ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां सहा आठवडे इंग्लंडांत पुतण्याकडे राहिलों. त्या मुक्कामांतील एका लहानशा गांवाची, तेथील एका घरामागच्या शेडची, आणि त्या शेडमधील एका मोटारगाडीची हकीकत तेवढी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. यंत्रांची आवड नसलेल्या भगिनींनीं एवढ्यानें पान उलटूं नये. कारण ह्या हकीकतींत एंजिनापेक्षां विहीणबाईच अधिक आहेत.

घरून निघतांना आमच्या सामानांत एक कागद होता. वाईचा आमचा वडिलोपार्जित वाडा वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांसारखाच आहे. राहतें कोणी नाहीं, पण गणपतींत सर्व जमतात. त्याच्या माजघरावरील तुळयांना वाळवी लागून त्या पोकळ झाल्या होत्या. लोखंडी तुळया घातल्याशिवाय पुढचा पावसाळा निभावणार नाहीं असें तज्ज्ञानें सांगितलें होतें. चौघां भावांपैकीं तिघांच्या सह्या त्या कागदावर झाल्या होत्या. चौथी, आमची, राहिली होती. "सागवान काढून लोखंड घातलें, मग वाडा तो उरला कोठें?" असें आम्हीं थोरल्या बंधूंस विचारलें होतें, व त्यांनीं कांहीं उत्तर न देतां कागद आमच्या हातांत ठेवून म्हटलें होतें, "सावकाश विचार कर. पण वाळवी थांबत नाहीं."

आबिंग्डन हें गांव ऑक्सफर्डच्या दक्षिणेस टेम्स नदीच्या कांठीं आहे. नदी येथें रुंद व शांत असून जुन्या दगडी पुलाखालून वाहते. तिच्यापासून थोड्या अंतरावर, सातव्या शतकांत स्थापन झालेल्या मठाचे अवशेष हिरवळींत उभे आहेत. चौकांत सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली काउंटी हॉलची देखणी दगडी इमारत आहे. राजघराण्यांत मोठा मंगल प्रसंग झाला म्हणजे ह्या इमारतीच्या गच्चीवरून खालीं जमलेल्या लोकांवर गोड पाव उधळण्याची तेथें जुनी चाल आहे. हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींस आपल्याकडील गोपाळकाल्याची आठवण झाली, व तें गांव त्यांना एकदम घरचें वाटूं लागलें.

ह्याच इमारतींत आतां गांवाचें संग्रहालय आहे. तेथें, मठाच्या व नदीच्या आठवणींच्या शेजारींच, आबिंग्डनच्या कारखान्यांतून अगदीं शेवटीं शेवटीं बाहेर पडलेल्यांपैकीं एक एम्. जी. बी. मोटार ठेविली आहे. एम्. जी. म्हणजे 'मॉरिस गराजेस'. सेसिल किंबर ह्या कल्पक व्यवस्थापकानें ऑक्सफर्ड येथें सुरू केलेल्या ह्या धंद्याचें बिऱ्हाड सन १९२९ मध्यें आबिंग्डनास आलें, आणि पुढें अर्धशतकभर दोन माणसांच्या, बिनछपराच्या, ठेंगण्या व चपळ गाड्या येथून जगभर गेल्या. त्यांपैकीं एम्. जी. बी. ही सर्वांत लोकप्रिय; सन १९६२ पासून १९८० पर्यंत पांच लाखांहून अधिक निघाल्या. सन १९७९ च्या सप्टेंबरांत गांवानें कारखान्याच्या पन्नास वर्षांचा उत्सव केला. तो संपतो न संपतो तोंच, पुढच्याच सोमवारीं, कारखाना बंद होणार असल्याचें जाहीर झालें. १९८० च्या ऑक्टोबरांत शेवटची गाडी बाहेर पडली. आपल्याकडे आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर हीं दोन अक्षरें मिरविणाऱ्या गाड्या दिसतात, त्या गुजरातेंतील हालोल येथें तयार होतात व तें नांव आतां एका चिनी कंपनीच्या मालकीचें आहे. अष्टकोनी चिन्ह तेंच. बाकी सर्व निराळें.

आमच्या पुतण्याचे श्वशुर ह्या कारखान्यांत फिटर होते. सन १९७२ मध्यें त्यांनीं स्वतःसाठीं एक हिरव्या रंगाची एम्. जी. बी. घेतली. नोकरी गेली, मुलगी मोठी झाली, तिनें आमच्या पुण्याच्या मुलाशीं लग्न केलें. पण गाडी राहिली. २०१४ सालीं ते वारले, तेव्हां तिची देखभाल जांवयाकडे आली. आणि पहिल्याच हिंवाळ्यांत जांवयाच्या हातून चूक झाली. थंडींत एंजिनांतील पाणी गोठूं नये म्हणून त्यांत एक द्रव मिसळावा लागतो. तो मिसळण्याचें तो आज करूं उद्यां करूं म्हणतां विसरला. एका रात्रीं कडाक्याची थंडी पडली, पाण्याचा बर्फ झाला, बर्फ फुगला, आणि बिडाच्या ठोकळ्यास बाजूनें वीतभर तडा गेला.

येथें जाणता वाचक विचारील कीं त्याच जातीचें दुसरें एंजिन आणून कां बसविलें नाहीं? इंग्लंडांत तें सहज मिळतें, व महागहि नसतें. आम्हींहि हेंच विचारलें. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "काका, तसलेंच दुसरें घातलें असतें तर कोणास कळलेंहि नसतें. सासूबाईंना सुद्धां नाहीं. माझी चूक झांकली गेली असती, आणि तेंच मला नको होतें. बदलायचें तर बदललें आहे असें दिसलें पाहिजे." शिवाय, हें त्यानें मागाहून कबूल केलें, विद्यार्थिदशेपासून त्याला रोटरी एंजिनाचें वेड होतें, आणि जवळच एकाकडे गंजून गेलेल्या माझ्दा आर्. एक्स्. ७ गाडीचें एंजिन चांगल्या स्थितींत विकाऊ होतें. विहीणबाईंनीं महिनाभर होकार दिला नाहीं. पुढें दिला तो एका अटीवर: गाडीच्या पत्र्यास करवत लागतां कामा नये, उद्यां मनांत आलें तर जुनें एंजिन जसेंच्या तसें परत बसलें पाहिजे.

आतां हें रोटरी एंजिन म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नेहमींच्या एंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत वरखालीं होतो, जणूं उखळांतलें मुसळ. प्रत्येक खेपेस तो थांबतो, उलटतो, पुन्हां धांवतो, आणि त्याच्या ह्या वरखालीं होण्याचें दांड्याच्या फिरण्यांत रूपांतर करावें लागतें. रोटरी एंजिनांत मुसळ नाहीं, जातें आहे. कमरेशीं किंचित् आवळलेल्या लंबवर्तुळासारख्या पोकळींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. सौभाग्यवतींनीं तो पाहतांच "हा तर गोविंदविडा" असें म्हटलें, व याहून चांगलें वर्णन आम्हांस सुचत नाहीं. विड्याचीं तिन्ही टोकें भिंतीस सतत चिकटून राहतात. त्यामुळें भिंत व रोटर यांमध्यें तीन कप्पे होतात, आणि फिरतां फिरतां प्रत्येक कप्पा लहानमोठा होत जातो. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण एका ठिकाणीं आंत शिरतें, पुढें आवळलें जातें, ठिणगीनें पेटतें, आणि शेवटीं धूर होऊन बाहेर जातें. रोटरची एक फेरी होते तोंवर मधला दांडा तीन फेऱ्या घेतो. उघडझांप करणाऱ्या झडपा नाहींत, हिसके नाहींत. म्हणून हें एंजिन आकारानें लहान, वजनानें हलकें व चालण्यांत अतिशय मऊ असतें.

त्याचा जनक फेलिक्स व्हांकेल हा जर्मन मनुष्य. मोटारीच्या एंजिनांत क्रांति करूं पाहणाऱ्या ह्या गृहस्थानें मोटार चालविण्याचा परवाना मात्र जन्मांत काढला नाहीं. नेकार्सुल्म येथील एन्. एस्. यू. कंपनींत १९५७ सालीं त्याचें पहिलें एंजिन फिरलें, १९६४ त तें एका छोट्या स्पोर्ट्स गाडींत बसलें, आणि १९६७ त त्या कंपनीनें 'आर्. ओ. ८०' ही मोठी गाडी काढली. गाडी सुंदर, पण रोटरच्या टोकांवरील पट्ट्या, ज्यांनीं कप्पे हवाबंद राहावयाचे, त्याच लवकर झिजत. कंपनी बिचारी एंजिनें फुकट बदलून देई. रस्त्यांत ह्या गाडीचे दोन मालक समोरासमोर आले म्हणजे हात वर करून बोटें दाखवीत, आपलें कितवें एंजिन चालूं आहे तें सांगण्यासाठीं! पुढें कित्येकांनीं कंटाळून तें रोटरी एंजिन काढलें व तेथें फोर्डचें साधें एंजिन बसविलें. म्हणजे आमच्या पुतण्यानें केलें त्याच्या बरोबर उलट.

जर्मनींत जें साधलें नाहीं तें हिरोशिमांत साधलें. तेथील तोयो कोग्यो कंपनीचा कारखाना १९४५ च्या अणुबाँबच्या वेळीं डोंगराच्या आडोशानें वाचला होता, व उद्ध्वस्त शहराचा प्रांतिक कारभार कांहीं काळ त्याच्याच इमारतींतून चालला. आपल्या गाड्यांस तिनें 'माझ्दा' हें नांव दिलें; त्यांत संस्थापकांच्या मात्सुदा ह्या आडनांवाचा ध्वनि आहे, तसाच आमच्या मुंबईकर पारशी बांधवांच्या अहुर माझ्द ह्या ईश्वरनामाचाहि आहे. ह्या कंपनीनें १९६१ त जर्मनांशीं करार केला आणि केनिचि यामामोतो यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस अभियंते ह्या कामास बसविले. पट्ट्यांच्या थरथरीनें भिंतीवर जे ओरखडे उठत त्यांना हे लोक 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. वर्षानुवर्षें निरनिराळे पदार्थ लावून पाहिल्यावर कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र पट्ट्यांनीं काम भागलें, आणि १९६७ च्या मे महिन्यांत त्यांची 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारांत आली. १९९१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ह्याच जातीच्या एंजिनानें जिंकली. पण हें जातें पेट्रोल फार खातें, तेलहि जाळतें, व धुराचे नियम कडक होत गेल्यावर त्याचे दिवस भरत आले. २०१२ नंतर त्यावर धांवणारी गाडी निघाली नाहीं. २०२३ पासून माझ्दानें तें पुन्हां आणलें आहे, पण चाकें फिरविण्यासाठीं नव्हे, तर विजेच्या गाडींत वीज उत्पन्न करण्यासाठीं.

पुतण्याच्या शेडमध्यें आम्ही तासन् तास बसत असूं. जुन्या एंजिनाची धारणा १७९८ घन सेंटिमीटर व शक्ति सुमारें ९५ अश्व. नव्याची धारणा दोन रोटर मिळून १३०८, व शक्ति सुमारें १५०. तें इतकें आटोपशीर कीं हिरव्या बॉनेटखालीं अर्धी जागा रिकामी राहिली. पण जागा असली म्हणजे एंजिन बसतें असें नाहीं. जुनी गिअरपेटी त्याला जुळेना, म्हणून माझ्दाचीच पांच गिअरची पेटी घ्यावी लागली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मग नव्या लांबीचा करून घ्यावा लागला. एंजिन टेकविण्याच्या कंसांना मूळच्याच भोंकांत बोल्ट बसतील असे आकार दिले. धुराची नळी ह्या एंजिनांत भयंकर तापते. पाय भाजूं नयेत म्हणून तळाशीं उष्णता अडविणारा पत्रा आला. अडचण आली ती गिअरच्या दांड्याची. तो मूळच्या भोंकाच्या पुढेंमागें निघूं लागला. दोन बोटें पत्रा कापला असता तर काम तासाभराचें होतें. त्याऐवजीं पुतण्यानें तीन आठवडे खर्चून वाकडा दांडा घडविला, जो खालून तिरपा येऊन वर जुन्याच भोंकांतून डोकें काढतो. आम्हांस तो दांडा सर्व गाडींत अधिक आवडला.

आणखी एक गोष्ट आम्हांस तेथें कळली. एखादी गाडी पुष्कळ बदलल्यावरहि तीच गाडी राहते कीं नाहीं, हा प्रश्न आमचे तर्कशास्त्री शतकानुशतकें घोळीत आले असतील. तेथील सरकारनें त्या वेळीं त्याचें उत्तर गुणांनीं देऊन टाकलें होतें. जुना नोंदणी-क्रमांक राखण्यास आठ गुण हवे. मूळ सांगाड्याचे पांच. चाकांवरची झोल, आंस, गिअर व सुकाणू यांचे प्रत्येकीं दोन. आणि एंजिनाचा फक्त एक! आम्ही ज्याला गाडीचा प्राण समजत होतों त्याची सरकारी किंमत सर्वांत कमी निघाली. आमच्या आजीच्या विळीचें पातें दोनदां बदललें होतें व पाट एकदां. तरी ती शेवटपर्यंत "आजीची विळी"च होती. तिला किती गुण मिळाले असते कोण जाणे.

एके दिवशीं आम्हीं आगंतुकपणा केला. पुतण्या कचेरींत गेला असतां, शेजारच्या मुलांना तो मऊ आवाज ऐकवावा म्हणून आम्हीं किल्ली फिरवून एंजिन सुरू केलें व अर्ध्या मिनिटांत बंद केलें. दुसऱ्या सकाळीं विहीणबाईंना घेऊन फिरावयास जाण्याचा बेत होता. गाडी सुरू होईना. थंड रोटरी एंजिन असें चालवून लगेच बंद केलें तर आंत पेट्रोल सांचतें, ठिणगीच्या कांड्या भिजतात, मग कितीहि फिरवा, पेट घेत नाहीं. आमचा चेहरा उतरला. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, ह्याला बोलावलें तर नीट जेवूं घालून पाठवावें लागतें. दारावरून परत धाडलें कीं रुसतें." कांड्या काढून, सांचलेलें पेट्रोल बाहेर घालवून, सर्व वाळवून गाडी निघेपर्यंत दुपार झाली. विहीणबाई तोंवर हातांत पर्स घेऊन अंगणांतल्या खुर्चीवर बसून होत्या. एक शब्द बोलल्या नाहींत.

त्या पुतण्याच्या शेजारीं हिरव्या गाडींत बसल्या. आम्ही उभयतां सूनबाईंच्या गाडीनें मागून निघालों. वाँटेज गांवाच्या चौकांत आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. तो येथेंच जन्मला असें म्हणतात. तेथून पुढें रस्ता खडूच्या डोंगरांच्या पायथ्यानें जातो. डाव्या हातास हिरवी उतरण, उजव्या हातास गव्हाचीं शेतें, आणि मधून ती ठेंगणी गाडी वळणें घेत चाललेली. चढावर ती पुढें निघून जाई, मग थांबून आमची वाट पाही.

आम्ही ज्या डोंगरावर गेलों त्यावर उफिंग्टनचा पांढरा घोडा आहे. गवत व माती खोदून, चरांत खडू ठासून काढलेली ही आकृति शंभर मीटरहून लांब असून सुमारें तीन हजार वर्षांची आहे. जवळ उभें राहिलें तर घोडा दिसत नाहीं, नुसते पांढरे पट्टे दिसतात. तो टिकला आहे याचें कारण एकच: पिढ्यान् पिढ्या लोक येऊन त्यावरचें गवत काढतात व नवा खडू ठोकून भरतात. कांहीं दशकें हें काम थांबलें तर गवत त्याला गिळून टाकील. तीन हजार वर्षांत वरचा खडू कितीदां नवा झाला असेल त्याची गणती नाहीं. रेघ मात्र थोड्याफार फरकानें तीच राहिली आहे.

गवतावर बसल्यावर विहीणबाईंनीं प्रथम तोंड उघडलें. त्या म्हणाल्या, "आवाज मला आवडला नाहीं. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली कीं मला स्वयंपाकघरांत कळत असे. ही दारांत येईपर्यंत कळणार नाहीं." पुतण्यानें मान खालीं घातली. त्या पुढें म्हणाल्या, "पण दांडा जुन्याच जागीं आहे. माझा हात अजून त्यांच्या हाताशीं तेथेंच लागत असे." एवढें बोलून त्यांनीं पर्समधून गाडीचा नोंदणीचा कागद काढला. पतीच्या मागें पांच वर्षें तो त्यांनीं आपल्या नांवावर ठेविला होता. "आजवर ही त्यांची गाडी म्हणून मी सांभाळली. आतां ती त्यांची नाहीं, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. ती तुमची आहे," असें म्हणून त्यांनीं गुडघ्यावर कागद धरून त्यावर सही केली, व तो लेकीच्या हातीं दिला. सूनबाई रडूं लागल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं विहीणबाईंचा हात हातांत घेतला. दोघींना एकमेकींची भाषा पुरती येत नव्हती, पण तें त्या वेळीं आड आलें नाहीं.

आम्हीं विचार केला. गाडी तीच राहिली काय? सरकारी गुणांनीं राहिली; विहीणबाईंच्या मतें राहिली नाहीं, आणि त्यांचेंच मत आम्हांस अधिक खरें वाटलें. परंतु जी गाडी शेडमध्यें तडा जाऊन पडली होती ती तरी त्यांची कोठें राहिली होती? बदल टळत नाहीं. तो वाळवी व बर्फ आपल्याला न विचारतां करितातच. आपल्या हातीं एवढेंच असतें कीं जें परत घेतां येत नाहीं तें कापूं नये, आणि जें बदललें तें झांकूं नये.

त्याच रात्रीं आम्हीं वाईच्या कागदावर सही केली. खालीं दोन अटी लिहिल्या: माजघराच्या कोरीव खांबांना व त्यांवरच्या हातणींना तासणी लागूं नये, आणि नव्या लोखंडी तुळयांवर फळ्या ठोकून त्या सागवानी असल्याचें सोंग करूं नये. थोरल्या बंधूंनीं उत्तरीं एवढेंच लिहिलें, "दोन्ही अटी मान्य. दुसरी मला सुचली नव्हती." पुढें महामारीमुळें काम लांबलें, मध्यंतरीं टेकू लावून वाडा धरून ठेवावा लागला. २०२२ चा गणपति त्याच माजघरांत बसला. डोक्यावर काळ्या रंगाच्या लोखंडी तुळया स्पष्ट दिसतात. लहान मुलें विचारतात, आणि आम्ही त्यांना वाळवीची गोष्ट सांगतों.

आबिंग्डनचें जुनें एंजिनहि फेंकून दिलेलें नाहीं. त्याचा तडा धातूच्या टांक्यांनीं शिवून घेऊन तें शेडच्या कोपऱ्यांत कापडाखालीं ठेविलें आहे. तें परत बसवावयाचें कीं नाहीं हें आतां पुतण्याच्या मुलीनें मोठेपणीं ठरवावयाचें आहे.